मांजराचे पान : नगरधनच्या हाडांपासून घरातल्या तीन वाट्यांपर्यंत

मराठी घराचा स्वभाव कळायचा असेल तर तिथे पाने कशी मांडली जातात ते पाहावे. देवाचा नैवेद्य वेगळा, पितरांचे पान वेगळे, गोग्रास वेगळा. बाळंतिणीचे पथ्य निराळे, दात पडलेल्या आजोबांचा मऊ भात निराळा, उपासाची ताटली तर पूर्णच निराळी. कोणाला काय, केव्हा आणि कुठे वाढायचे याचा एवढा बारीक विचार करणाऱ्या या घराने आपल्याच चुलीशी झोपणाऱ्या एका प्राण्याचे पान मात्र कधी मांडले नाही. तो प्राणी म्हणजे मांजर.

आज ही गोष्ट आठवण्याचे कारण अगदी व्यवहारातले आहे. शहरातल्या दोन-तीन खोल्यांच्या घरात तीन-चार मांजरे बाळगणारी कुटुंबे आता आपल्या ओळखीत असतात. त्यांची मांजरे दाराबाहेर जात नाहीत. त्यातली एक म्हातारी असते आणि तिला मूत्रपिंडाच्या आजाराचे पथ्य असते. एक बोका लठ्ठ होत चाललेला असतो आणि सगळ्यांच्या वाट्या पुसून काढतो. एक पिल्लू असते, त्याला दिवसभर भूक लागते. एखादी मांजरी इतरांसमोर तोंडच लावत नाही. चौघांना चार तऱ्हेचे खाणे चार वेळांना कसे द्यायचे, हा त्या घरातला रोजचा पेच असतो. बाहेरच्याला ती हौसेची कटकट वाटते. प्रत्यक्षात माणूस आणि मांजर यांच्यात शेकडो वर्षे चाललेला एक करार मोडला, म्हणून हा पेच उभा राहिला आहे. तो करार काय होता आणि कोणी मोडला, याचा शोध या लेखात घ्यायचा आहे. सुरुवात रामटेकच्या पायथ्याशी करणे सोयीचे आहे.

नगरधनची हाडे

रामटेकच्या दक्षिणेला काही किलोमीटरवर नगरधन आहे. तिथे जाणाऱ्याला आधी दिसतो तो भोसलेकालीन किल्ला. पण या गावाच्या पोटात वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन आहे, असे अभ्यासक मानतात. दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी आणि दुसऱ्या रुद्रसेनाची राणी प्रभावतीगुप्ता हिने पतीच्या मृत्यूनंतर लहान मुलांच्या वतीने राज्यकारभार पाहिला. तिचा पुण्याला सापडलेला ताम्रपट नंदिवर्धनाहून दिलेला आहे, तर ऋद्धपूरचा ताम्रपट रामगिरीच्या स्वामीच्या पायाशी, म्हणजे रामटेकच्या टेकडीवरून दिलेला आहे.

२०१५ ते २०१८ या काळात राज्याचा पुरातत्त्व विभाग आणि पुण्याचे डेक्कन कॉलेज यांनी नगरधनला उत्खनन केले. प्रभावतीगुप्तेचे नाव आणि शंखाचे चिन्ह असलेला मातीचा मुद्रांक तिथे मिळाला. त्याची वर्तमानपत्रांनी चांगली दखल घेतली. त्याच मातीतून जनावरांची हाडेही निघाली होती. पाळीव जनावरांच्या हाडांत निम्म्याहून थोडी अधिक गाईगुरांची होती, साधारण एक तृतीयांश शेळ्यामेंढ्यांची आणि साडेसात टक्क्यांच्या आसपास डुकरांची. घोडा आणि कोंबडी यांचा वाटा प्रत्येकी एक टक्क्याहून कमी होता. मांजराचा वाटा मात्र जवळपास ४ टक्के होता.

या आकड्याला जरा जपून हात लावला पाहिजे. हाडांची टक्केवारी म्हणजे जनावरांची शिरगणती नव्हे. कोंबडीची हाडे नाजूक असतात, ती कुत्री चावून टाकतात. उलट एखादे मांजर आख्खेच पुरले गेले तर एकाच जिवाची बरीच हाडे हाती लागतात. तरीही एवढे म्हणता येते, की वाकाटकांच्या राजधानीत मांजर हा तुरळक पाहुणा नव्हता. त्याचे कारणही समोरच आहे. रामटेक आणि मौदा हा धानाचा पट्टा. राजधानी म्हटली की धान्याची कोठारे आली, कोठारे आली की उंदीर आले आणि उंदरांच्या मागून मांजर आले. पाळीव मांजराचा मूळपुरुष पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेतला रानबोका असल्याचे २००७ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसले. सायप्रस बेटावर सुमारे ९५०० वर्षांपूर्वी माणसाशेजारी पुरलेले मांजर सापडले आहे. शेती जिथे जिथे पोचली, तिथे पुढेमागे मांजर पोचले.

मांजर होते एवढे हाडे सांगतात. ते काय खात होते हे विचारायचे असेल तर हाडांतल्या कार्बन आणि नायट्रोजनची तपासणी करावी लागते. चीनमधील क्वानहुकुन या सुमारे ५३०० वर्षांपूर्वीच्या शेतकरी गावातल्या मांजरांची अशी तपासणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथली मांजरे धान्य खाणाऱ्या उंदरांवर जगत होती. त्यातल्या एकाच्या हाडांत मात्र मांस कमी आणि भरड धान्य जास्त दिसले. त्याला एक तर माणसांचे उष्टे मिळत असावे किंवा कोणी तरी खाऊ घालत असावे, असा तर्क संशोधकांनी केला. पुढे २०१६ मध्ये हाडांच्या घडणीवरून कळले, की ही मांजरे आजच्या घरमांजराच्या कुळातली नसून लेपर्ड कॅट या ठिपक्यांच्या रानमांजराच्या जातीची होती. त्याने मूळ मुद्दा बिघडत नाही. एकाच गावातल्या दोन मांजरांचे खाणे वेगळे असणे ही पाच हजार वर्षांपूर्वीचीही गोष्ट आहे. फरक इतकाच, की त्या वेगळेपणाची काळजी कोणा माणसाला करावी लागत नव्हती.

बलीत वाटा नाही

भारतीय ग्रंथांनी मांजराकडे कसे पाहिले? कौटिल्याच्या अर्थशास्त्रात आग, पूर, रोगराई, दुष्काळ, उंदीर, हिंस्र पशू, साप आणि राक्षस अशी राज्यावरची आठ संकटे सांगितली आहेत. उंदरांच्या संकटावर उपाय म्हणून मांजरे आणि मुंगूस मोकळे सोडावेत, आणि त्यांना पकडणाऱ्याला किंवा इजा करणाऱ्याला १२ पणांचा दंड करावा, असे तिथे सांगितले आहे. मांजराला राज्याने दिलेले हे अभय बोलके आहे. त्याला मारायचे नाही, डांबायचे नाही, पण खायला घालण्याचीही गरज नाही. त्याचे वेतन उंदरांच्या रूपाने परस्पर मिळत होते.

घरातला व्यवहारही असाच होता. गृहस्थाने जेवण्यापूर्वी इतर जिवांसाठी अन्न काढून ठेवावे, हा आपला जुना संकेत. मनुस्मृतीत त्या संदर्भात कुत्रे, कावळे, किडेमुंग्या यांची नावे येतात. आपल्याकडे श्राद्धात काकबळी असतो, गाईचा घास असतो, कुत्र्याचा घास असतो. या यादीत मांजर नाही. उलट मांजराने तोंड लावलेले अन्न खाल्ल्यास प्रायश्चित्त सांगितले आहे आणि मांजर मारल्यासही प्रायश्चित्त सांगितले आहे. त्याचीच लोकपरंपरेतली आवृत्ती म्हणजे मांजर मेले तर काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते ही समजूत. मारू नये, त्याचे उष्टे खाऊ नये आणि त्याला वाढूही नये, असा हा तिहेरी नियम झाला.

संतकथांतही हेच दिसते. पोळी पळवणाऱ्या कुत्र्याच्या मागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावतात. तहानेने तडफडणाऱ्या गाढवाला एकनाथ कावडीतले गंगाजल पाजतात. महिपतींनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या भक्तविजयात राका कुंभाराची गोष्ट आहे. मांजरी कच्च्या मडक्यात व्याली, ते न कळता आवा पेटवला गेला, राकाने विठ्ठलाचा धावा केला आणि पिल्ले जिवंत निघाली. कुत्र्याला तूप मिळाले, गाढवाला गंगाजल मिळाले, मांजराला जीवदान मिळाले. पान काही मिळाले नाही.

शिंके, वरवंटा आणि सात घरे

मराठी स्वयंपाकघराची मांडामांड मांजर डोळ्यांपुढे ठेवून झालेली होती. वाशाला टांगलेले शिंके, जाळीच्या दाराचे फडताळ, दुधाच्या पातेल्यावर ताट आणि ताटावर वरवंटा, हा सगळा बंदोबस्त प्रामुख्याने त्याच्यासाठी. शिंक्यामुळे मुंग्या आणि उंदीरही दूर राहत, पण भाषेने शत्रू म्हणून नाव घेतले ते बोक्याचे : शिंके तुटले, बोक्याचे फावले. डोळे मिटून दूध पिणारे मांजर, उंदराला साक्षीला आलेले मांजर, घंटा बांधायची कोणी अशी चिंता लावणारे मांजर. रोजच्या बोलण्यातल्या या मांजरांपैकी एकालाही कोणी वाढलेले नाही. ते घेते, पळवते, साधते.

म्हणजे घरातून त्याला काहीच मिळत नव्हते असे नाही. धार काढताना गोठ्यात आलेल्या मांजराला करवंटीत थोडे दूध, जेवणे झाल्यावर दूधभाकरीचा कुस्करा, ताकभात, कोकणात मासळी साफ करताना टाकलेली आतडी आणि डोकी. हे देणे हाताला लागेल तसे होते, त्याला वेळ नव्हती आणि मापही नव्हते. घराच्या चालीप्रमाणे त्याचा ऐवज बदले. रामटेकसारख्या गावाचीच उदाहरणे घ्यावीत. गडावरच्या पूजेअर्चेच्या घरांतून दूधभात मिळणार. तलावात जाळे टाकणाऱ्या धिवरांच्या घरी मासळीचे टाकाऊ तुकडे मिळणार. पानमळेवाल्या बाऱ्यांच्या घरी वरणभात, आणि एखाद्या घरी मटण शिजले तर हाडकेही. पूर्व विदर्भ हा मालगुजारी तलावांचा प्रदेश आहे, तिथे धान आणि मासळी शेजारी शेजारीच असतात.

मांजर यांतल्या एकाच घराचे नसे. मांजरी पिल्लांना सात घरे फिरवते, असे आपण म्हणतो. पिल्लांपुरते ते सुरक्षिततेसाठी असते, पण खाण्यालाही ते तितकेच लागू आहे. एका घरात न मिळालेले दुसऱ्या घरी मिळे. दोन मांजरांचे पटत नसेल तर एक कुंपणाच्या पलीकडे जाई. म्हातारीला पचत नसेल ते ती खात नसे, गवताची पाती चावून ओकून टाकी. पिल्लाला जास्त हवे असेल तर आई उंदीर आणून देई. आज ज्याला आपण अनेक मांजरांच्या खाण्याची व्यवस्था म्हणतो, ती व्यवस्था पूर्वी कोणत्याही एका घरात नव्हती. ती गल्ली करत होती. करार होता तो असा : घराने आसरा आणि उरलेसुरले द्यायचे, मांजराने उंदीर मारायचे आणि आपले पोट आपण पुरे करायचे.

हा सुखाचा काळ होता असे समजण्याचे कारण नाही. भूक, जखमा, कुत्री आणि सततची बाळंतपणे यांत पुष्कळ मांजरे अल्पायुषी ठरत. गल्ली व्यवस्था करी, पण ती कोणाची जबाबदारी घेत नसे.

प्लेगच्या वर्षांतली मोजणी

या कराराची सरकारदरबारी चर्चा झाली ती प्लेगच्या काळात, आणि तीही विदर्भातून. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उद्भवला आणि पुढच्या काही वर्षांत मध्य प्रांत आणि वऱ्हाडातही पसरला. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये उंदरांच्या पिसवांकडे बोट दाखवले. १९०५ पासून मुंबईत झालेल्या प्रयोगांनी ते पक्के झाले. आता प्रश्न उंदरांचा होता. पिंजरे, विष, घरे रिकामी करणे असे उपाय चालू असताना विदर्भात नोकरीवर असलेले इंडियन मेडिकल सर्व्हिसचे अधिकारी अँड्र्यू ब्यूकॅनन यांनी वेगळाच मुद्दा मांडला. गावोगावच्या घरांच्या मानाने मांजरे किती आहेत याची त्यांनी मोजणी केली आणि जिथे मांजरे भरपूर तिथे प्लेग कमी, असा निष्कर्ष काढला. मांजर हा प्लेगचा प्रतिबंधक आहे, असे प्रतिपादन करणारा त्यांचा लेख १९०८ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला.

त्यांच्या तर्कात उणीव होती. मांजरे जास्त असलेली गावे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात. शिवाय मांजरालाही प्लेग होतो आणि त्याच्यापासून माणसाला होऊ शकतो, हे आज निश्चित ठाऊक आहे. पण इतिहासाच्या दृष्टीने ही मोजणी मोलाची आहे. माणसांची, गुरांची, नांगरांची गणती करणाऱ्या राजवटीत कोणीतरी घरामागे मांजरे किती हे विचारले होते. कौटिल्याने मोकळे सोडलेले मांजर दोन हजार वर्षांनी पुन्हा सरकारी कामावर रुजू होत होते आणि याही वेळी वेतन उंदरांतच होते.

या हिशेबाला एका घरगुती समजुतीचा आधार होता : पोट भरलेले मांजर उंदीर धरत नाही. म्हणून त्याला अर्धपोटी ठेवावे. ही समजूत कितपत खरी? १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मांजरे आवडीचे खाणे खात असताना त्यांच्यासमोर उंदीर सोडला. मांजरांनी खाणे टाकले, उंदीर मारला, तो खाण्याच्या जागी आणून ठेवला आणि मग पुन्हा आपल्या ताटलीकडे वळली. शिकार आणि भूक यांच्या नाड्या मांजराच्या शरीरात बऱ्याच अंशी वेगळ्या आहेत. उंदीर मारायला मांजर अर्धपोटी असण्याची गरज नव्हती. मांजर तेवढे उपाशी राहत होते.

बैडालव्रताचा निकाल

संस्कृतात ढोंगी माणसाला बैडालव्रतिक म्हणतात, म्हणजे मांजराचे व्रत घेतलेला. महाभारतात, पंचतंत्राच्या परंपरेत असे तपस्वी मांजर भेटते. मांस सोडले आहे असे सांगून ते उंदरांचा किंवा पक्ष्यांचा विश्वास मिळवते आणि त्यांनाच खाते. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या भव्य शिल्पपटात उभे राहून तप करणारे मांजर आणि त्याच्यापाशी जमलेले उंदीर कोरलेले आहेत. या सगळ्या गोष्टींत मांजराचा गुन्हा एकच : शाकाहाराचे सोंग.

आपल्या घरांनी मात्र त्याच्याकडून नेमके तेच व्रत अपेक्षिले. दूधभातावर राहा, सोवळ्याच्या घरात मांस मागू नको. विसाव्या शतकातल्या संशोधनाने या खटल्याचा निकाल मांजराच्या बाजूने दिला. १९७५ मध्ये असे दिसून आले, की दुधातल्या केसीन या प्रथिनावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांचा पडदा झडत जातो. कारण टॉरिन हा घटक मांजराचे शरीर पुरेसा बनवू शकत नाही. तो मांसातून आणि मासळीतून मिळतो. १९८७ मध्ये टॉरिनच्या अभावाचा संबंध मांजरांच्या हृदयाच्या एका गंभीर विकाराशी जोडला गेला. गाजरासारख्या भाज्यांतून अ जीवनसत्त्व तयार करणेही मांजराला जमत नाही. २००५ मध्ये कळले, की गोड चव ओळखणाऱ्या जनुकांपैकी एक मांजरात निकामी आहे. प्रसादाचा शिरा ते चाटते ते तुपासाठी, साखरेसाठी नव्हे. आणि मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूधही नीट पचत नाही.

मग दूधभातावरची मांजरे पिढ्यान्‌पिढ्या टिकली कशी? उत्तर कोठीच्या मागे होते. उंदरात टॉरिन होते, अ जीवनसत्त्व होते, पाणी होते, हाडांतले खनिज होते. सोवळ्यातल्या घराचे मांजर आपले मांसाचे जेवण अंधारात, घराच्या नजरेआड करून येत होते. त्यामुळे घराचे व्रतही पाळले जात होते आणि मांजराचा जीवही राहत होता.

दार बंद झाले

हा करार मोडला तो दार बंद झाल्यावर. १९४७ मध्ये अमेरिकेत एडवर्ड लोव यांनी मांजराच्या विष्ठेसाठी वाळलेल्या चिकणमातीचे दाणे विकायला सुरुवात केली. त्या साध्या वस्तूने मांजराला चोवीस तास घरात ठेवणे सोयीचे केले. आपल्या शहरांत हे बरेच उशिरा आले. पाचव्या मजल्यावरची घरे, रस्त्यावरची वाहने, भटकी कुत्री, तक्रार करणारे शेजारी, नसबंदीची सोय आणि डब्यातले तयार खाद्य, हे सारे जुळून आले आणि खिडक्यांना जाळ्या लागल्या. यात मांजराचा फायदा आहेच. घरातले मांजर गाडीखाली येत नाही आणि परिसरातले पक्षीही वाचतात.

पण सात घरे बंद झाली. कोठीमागचे जेवण बंद झाले. जे काम गल्ली करत होती ते सगळे एका ओट्यावर येऊन पडले. आणि आपण ते आपल्या सवयीने करू गेलो : एक मोठे ताट मांडले आणि सगळ्यांना बोलावले.

इथे मांजराचा स्वभाव आड येतो. मांजर पंगतीचा प्राणी नाही. एक उंदीर साधारण ३० कॅलरींचा. चार किलोच्या मांजराला दिवसाला असे आठ-दहा उंदीर लागतात आणि उंदीर वाटून खाता येत नाही. म्हणून ते एकट्याने शिकार करते, एकट्याने खाते आणि थोडे थोडे, पुष्कळ वेळा खाते. खाणे समोर कायम असेल तर ते दिवसाकाठी दहा ते वीस वेळा तोंड लावते. कुत्रे टोळीने खाते आणि भांडून हक्क सांगते. मांजर बहुधा भांडत नाही. बळजोर बोका वाटीपाशी येऊन बसतो आणि दुबळी मांजरी मुकाट्याने उठून जाते. आपल्याला वाटते, हिला भूक नाही, ही लाजाळू आहे. ती रात्री सगळे झोपल्यावर येते तेव्हा वाटी रिकामी असते.

तीन वाट्या

अनेक मांजरांच्या घरात करायचे काय, याचे उत्तर या इतिहासातूनच निघते. गल्लीने जे आपोआप केले ते आता हाताने करायचे. २०१८ मध्ये अमेरिकेतील मांजरांच्या पशुवैद्यांच्या संघटनेने याबद्दल एक निवेदनच काढले. थोडे थोडे आणि वारंवार द्यावे, प्रत्येकाला वेगळ्या जागी द्यावे आणि खाणे मिळवण्यासाठी थोडी खटपट करायला लावावी, हा त्याचा सारांश.

पहिली गोष्ट जागेची. तीन वाट्या शेजारी शेजारी ठेवल्या तर ते एकच ताट झाले. खाताना एका मांजराला दुसरे दिसू नये. एक वाटी स्वयंपाकघरात, एक दुसऱ्या खोलीत, एक कपाटावर. तरण्या, चपळ मांजरीचे खाणे उंचावर ठेवले की लठ्ठ बोका तिथे पोचत नाही. पिल्लाचे खाणे खोक्यात ठेवून त्याला पिल्लापुरते भोक पाडले की मोठ्यांचा हात थांबतो. म्हातारीची वाटी जमिनीवरच हवी, तिचे सांधे दुखत असतात.

दुसरी वेळेची. भरून ठेवलेली सामाईक वाटी सोयीची असते, पण तिच्यात कोणी किती खाल्ले ते कळत नाही आणि आजाराची पहिली खूण तिथेच हरवते. ठरलेल्या वेळा चार-पाच, प्रत्येक वेळी वीसेक मिनिटे, मग वाटी उचलायची. घरी दिवसभर कोणी नसेल तर मांजराच्या कातडीखालची चिप ओळखून झाकण उघडणारी भांडीही मिळतात. नव्या काळाचे हे शिंकेच, फक्त ते एकाच मांजरासाठी उघडते.

तिसरी पथ्याची, आणि खरा धोका इथेच असतो. मूत्रपिंडाच्या आजारात फॉस्फरस कमी असलेले खाणे लागते. ते वाढत्या पिल्लाला पुरेसे नाही. पिल्लाचे भरपूर ताकदीचे खाणे नसबंदी झालेल्या बोक्याला लठ्ठ करते, कारण नसबंदीनंतर शरीराची गरज घटते आणि भूक मात्र वाढते. म्हणून एकाचे पथ्य सगळ्यांवर लादू नये आणि एकाचे खाणे दुसऱ्याला पुसू देऊ नये. नवे खाणे सुरू करताना जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवस घ्यावेत. आणि लठ्ठ मांजराला उपास कधीही घडवू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचून ते दगावू शकते. एकादशी माणसाची असते, मांजराची नसते.

आपल्या चुलीबद्दलही दोन शब्द. कांदा आणि लसूण मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी नष्ट करतात. नागपूरकडच्या सावजी रश्श्यातले मटण मांजराला घालणे म्हणजे माया करताना विष घालण्यासारखे आहे. कुत्र्याचे खाद्य मांजराला पुरत नाही. घर शाकाहारी असेल तर मांजरासाठीचे तयार खाद्य डब्यातून सरळ त्याच्या वाटीत घालावे. चुलीला त्याचा स्पर्शही होत नाही आणि मांजराला न झेपणारे व्रतही करावे लागत नाही. दर महिन्याला मांजराला हातात धरून आपण वजनकाट्यावर उभे राहावे आणि आपले वजन वजा करून आकडा लिहून ठेवावा. तीन मांजरांच्या घरात कोण खाते आणि कोण उठून जाते, हे सांगणारा तो सर्वांत खरा कागद असतो.

दंडापासून कर्तव्यापर्यंत

अर्थशास्त्राने मांजराला इजा करणाऱ्याला दंड सांगितला होता, खायला न घालणाऱ्याला नव्हे. १९६० च्या प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणाऱ्या भारतीय कायद्याच्या अकराव्या कलमात पुढचे पाऊल आहे. मालकाने आपल्या प्राण्याला पुरेसे अन्न, पाणी किंवा आसरा न देणे हाही तिथे छळच मानला आहे. पुरेसे या शब्दात आज आपल्याला बरेच वाचता येते. तीन मांजरांच्या घरात एका वाटीत तिघांपुरते खाणे असणे आणि तिघांनाही ते पुरेसे मिळणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मांजराने या करारात आपली बाजू शेवटपर्यंत पाळली. नगरधनच्या कोठारांपाशी, प्लेगच्या वर्षांतल्या वऱ्हाडी घरांत, आजीच्या फडताळाखाली त्याने उंदीर मारले आणि आपल्या पोटाची तजवीज आपणच केली. ती वाट आपण जाळी लावून बंद केली, त्याच्याच भल्यासाठी. म्हणून पुढचा हिशेब आपल्याकडे येतो. बाळंतिणीचे, म्हाताऱ्याचे, उपासाचे पान वेगळे मांडता येणाऱ्या घराला हे अवघड जाऊ नये. म्हातारीची वाटी दाराआड, बोक्याची मोजून, पिल्लाची खोक्यात, आणि कोणी कोणाच्या वाटीत तोंड घालत नाही ना हे पाहायला तेवढा वेळ जवळ बसलेले एक माणूस.